राजाचं नाक

"त्या शिंच्या राजाचं नाक कसंय, हेही आता मीच ठरवायचं?" तोरिबिओ कुंचला दातांत धरून पुटपुटला.

"हळू बोला," त्याची बायको कासिमिरा मक्याची दारू, चिचा, गाळता गाळता म्हणाली. "भिंतीपलीकडे सगळे राजनिष्ठ बसलेत."

परवा चुकिसाका गावात उठाव झाला होता. "राजा फर्नांदो चिरायू होवो!" अशा आरोळ्या ठोकत लोकांनी राजाच्याच गव्हर्नरला कोठडीत घातलं. गव्हर्नरचे शिपाईही "राजा फर्नांदो चिरायू होवो!" म्हणूनच बंदुका झाडत होते. आपलं कोण नि परकं कोण ते कळेना, म्हणून बऱ्याच गोळ्या आभाळाला लागल्या. आता आपला उठाव राजाच्याच भल्यासाठी आहे हे दिसावं, म्हणून दुपारी चौकात त्याच्या तसबिरीसमोर शपथ घ्यायची होती. पण तसबीर कुठून आणायची? स्पेनचा राजा समुद्रापलीकडे, तोही फ्रेंचांच्या कैदेत.

तोरिबिओकडे संतांची धडं तयार असत. झगा, हात, पायाखालचे ढग सगळं रंगवून भिंतीला टेकवलेलं; गिऱ्हाईक आलं की वर चेहरा चढवायचा. त्यातल्या एका संत होसेच्या हातातलं फूल पुसून त्यानं राजदंड दिला. पण चेहऱ्यापाशी गाडी अडली, कारण आता उठावाचे पुढारी, तीन वकील, येऊन उभे राहिले होते.

"नाक लांब हवं. पूर्वजांचं तसंच होतं," एक म्हणाला.

"पूर्वज फ्रेंच, फ्रेंच आपले शत्रू," बेरोस्पे वकील म्हणाले. "म्हणजे लांब नाक हा राजद्रोह. पुसा!"

तोरिबिओ पुसायचा, काढायचा, पुन्हा पुसायचा. शेवटी टर्पेंटाइनचा बोळा आरपार गेला. भोक पडलं, ते नेमकं चेहऱ्याएवढं.

कासिमिरा गाळणी ठेवून बघायला आली.

"मागं कुणाला तरी उभं करा," तिसरा वकील म्हणाला. "कोठडीतला गव्हर्नर चालेल की. अस्सल गोरा आहे."

"तो येईल?"

"राजनिष्ठ असेल तर नाही कसा म्हणेल?"

"अहो, राजनिष्ठ नाही म्हणूनच तर कोंडलाय त्याला!"

मग सगळ्यांच्या नजरा तोरिबिओकडे वळल्या. बेरोस्पेंनी स्वतःच्या हातानं त्याच्या सावळ्या गालांना सफेदा फासला.

"आणि यांना कुणी ओळखलं तर?" कासिमिरानं विचारलं.

"राजाचं सोंग घेणाऱ्याला फाशी," बेरोस्पे हात पुसत म्हणाले. "कायदा काही मी केलेला नाही, बाई."

चौकात मखमली छताखाली तसबीर उभी राहिली, तिच्या भोकात तोरिबिओचा चेहरा. लोक गुडघ्यांवर बसले. "कैदेत किती रोडावलाय गं!" म्हणून एक म्हातारी रडली. कासिमिराला दिसत होतं, ओळखलं सगळ्यांनीच होतं. गावातल्या निम्म्या घरांतले संत त्यानंच तर रंगवले होते. पण जो तो मान खाली घालून शपथ घेत होता.

पाववाली इल्देफोन्सा झग्याचं चुंबन घ्यायला वाकली आणि हळूच म्हणाली, "महाराज, माझ्या संत रोकेला चेहरा कधी बसवताय? इस्टर होऊन गेला की."

"शनिवारी नक्की," राजा म्हणाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगायचा.

सगळ्या चौकानं ते ऐकलं. बेरोस्पेंचा चेहरा सफेद्याहून पांढरा पडला. "तोतया!" ते ओरडले. "राजाचा अपमान! धरा त्याला!"

"राजा फर्नांदो चिरायू होवो!" लोक घाबरून ओरडू लागले. शिपायांनी तोरिबिओला धरलं, तसबिरीसकट. त्याचं डोकं भोकातून निघेना.

कासिमिरा गर्दीतून वाट काढत पुढं गेली नि छताखाली उभी राहिली.

"वकीलसाहेब, देवाशपथ सांगा, तुम्हाला तरी हवाय का हा राजा?" ती लोकांकडे वळली. "तुला हवाय, इल्देफोन्सा? आजी, तुम्हाला? कुणालाच नकोय. आपल्याला राजाच नकोय! मग माझा नवरा मला परत द्या."