वर्कीची पानं कोण टाकत होतं?

मी पत्त्यांचा कॅट बोलतोय. कॅट म्हणायचं आपलं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची माझी वीस पानं डब्यातच म्हातारी झाली. केरळात, आमच्या पाण्याने वेढलेल्या कुट्टनाडात, वरच्या बत्तीसच पानांचा अठ्ठावीसचा डाव चालतो. त्यात गुलाम सगळ्यांच्या वर आणि राजाला काडीची किंमत नाही.

माझा मालक वर्की. बायको गेलेली, मुलगी लिस्सी शारजाला. रोज जेवणं झाली की चौघे वाचनालयाच्या ओसरीवर बसायचे. वर्कीचा भिडू शंकुण्णी, त्यांच्याविरुद्ध हम्सा आणि पौलोस. वर्की सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांचा चेट्टा म्हणजे दादा, आणि सगळ्यांत खडूस. कुणी नुसतं खाकरलं तरी त्याला त्यात इशारा दिसे. "तोंड बंद. गप्पा मारायच्या तर बाजारात जा," म्हणायचा. त्यांच्या घामाने, चहाने माझी पानं मऊ पडली होती. माझी तक्रार नव्हती.

मग शंकुण्णीचे गुडघे गेले. होडीत चढणं-उतरणं जमेना. सुट्टीवर आलेल्या लिस्सीने चौघांच्या फोनवर हाच डाव घालून दिला. "अप्पा, आता घरबसल्या खेळा. वेळेत पान टाकलं नाहीत तर फोन स्वतःच टाकतो, डाव अडत नाही." म्हातारे हरखले. ज्यांचे गुडघे धड होते तेही ओसरीवर यायचे बंद झाले. मी आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावर पडून राहिलो. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी वर्कीने एकोणीसची बोली लावली आणि त्याची मान कलली. फोन मांडीवर घसरला. डोळे अर्धे उघडे, श्वास घरघरत होता. पडद्यावर त्याची वेळ संपली आणि त्याचं पान आपोआप पडलं. मग पुढचं.

फोनमधून शंकुण्णीचा आवाज आला, "वर्कीचेट्टा, काय खेळताय आज! चाळीस वर्षांत असा हात टाकला नव्हतात."

वर्की बोलला नाही. कुणाला नवल वाटलं नाही. खेळताना तो बोलायचाच नाही.

तीन डाव झाले. तिन्ही वर्की-शंकुण्णीने जिंकले. हरणाऱ्याने कानात फणसाचं पान अडकवायचं, ही आमच्याकडची शिक्षा. हम्सा म्हणाला, "अडकवलं हो पान. इथे बायको खिदळतेय, तुम्ही का हसत नाही?"

"हसले तर कवळी पडेल त्यांची," पौलोस म्हणाला. "झोपले असतील, चला." तिघांनी फोन बंद केले.

श्वास तेव्हाही चालू होता. बावन्न पानं असून मला एकही हलवता आलं नाही. ओसरीवर असतो तर पहिल्याच पानाला तिघांनी त्याला उचलून होडीत घातलं असतं.

संध्याकाळी घरघर थांबली. सकाळी मासेवाली आली, तिने पाहिलं.

शंकुण्णीला खुर्चीसकट होडीतून आणलं. शवपेटीपाशी बसून तो शारजाहून आलेल्या लिस्सीला म्हणाला, "पोरी, तुझा बाप जात होता आणि मी यंत्राला शाबासकी देत होतो." लिस्सीने मान खाली घातली. शारजाला परत जाताना तिने मला शंकुण्णीच्या हातात ठेवलं.

आता मी त्याच्या उशाशी असतो. परवा हम्साचा फोन आला. "चल, बसू या. चौथ्याची काळजी नको, बटण दाबलं की मिळतो." शंकुण्णीने फोन उपडा ठेवला.

मी पुन्हा खेळात येईन असं वाटत नाही. तुम्ही खुशाल फोनवर खेळा. फक्त भिडू गप्प असला तर त्याला नावाने हाक मारा, आणि त्याची ओ येईपर्यंत पुढचं पान टाकू नका.