रानात टांगलेली फिल्म

मी एक जुनी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे, पाठीच्या कण्याची. ज्या वर्षी प्रणयचं लग्न झालं, त्याच वर्षी त्याच्या आईच्या, बाईजाच्या, कण्यातली गाठ माझ्यावर उमटली. मित्रांनो, मी गोड बोलणार नाही. या घराचा मला राग आहे.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला उजेडाला लावून ती गाठ काढली. नसांना चिकटलेला दाण्याएवढा तुकडा मुद्दाम ठेवला. तो खरवडला असता तर पाय गेले असते. "ही फिल्म जपा. दरवर्षी नवी काढून आणा," त्यांनी बजावलं. घरी परतताना बाईजा आपल्या पायांनी मुरबाडच्या स्टँडवर उतरली.

तिचा नवरा देवजी म्हणाला, "आजाराचा फोटू घरात ठिवला का आजार परत येतो."

"मंग भितीवरचा तुझा फोटू आधी काढ," बाईजा म्हणाली.

सगळे हसले. देवजीनं मात्र मला भोक पाडलं आणि वरीच्या रानात काठीला बांधलं. मी चमकले की पाखरं उडायची. शेजारचा चांगो म्हणायचा, "देवजी, तुझ्या बायकोला पाखरं पन भितात रे."

चार वर्षं नवी फिल्म काढायला कोणी गेलं नाही.

पाचव्या वर्षी बाईजाच्या पायातली चप्पल वाटेत राहायची आणि तिला कळायचं नाही. "चप्पल ढिली झाली," म्हणत देवजीनं नवी आणली. मूर्ख माणूस. ढिला पाय झाला होता.

ती उठेनाशी झाली तेव्हा प्रणयनं तिला ठाण्याला नेलं. गाठ पुन्हा वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुन्या व्रणात नसा चिकटलेल्या असतात. आधीची गाठ नसांना नेमकी कुठे चिकटली होती, ते जुन्या फिल्मवर बघू द्या."

प्रणयचा निरोप मिळताच देवजी धावत रानात आला. मला सोडून त्यानं टॉवेलनं पुसलं आणि ठाण्याला नेलं. बाईंनी मला उजेडाला धरलं. उन्हानं मी पूर्ण काळी पडले होते.

"यात काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही फार उशिरा आलात."

आठ तास त्यांनी ऑपरेशन केलं. गाठ बरीचशी निघाली. पायांत जीव आला नाही.

घरी खाटेवरून बाईजानं नवऱ्याला एकदाच विचारलं, "फोटू तं घरात नव्हता. मंग आजार आला कुठून?"

आता देवजी मला फडक्यात गुंडाळून पेटीत जपतो. त्या जपण्याचा कोणाला उपयोग नाही. मित्रांनो, आजाराचे कागद वेळेवर जपा, आणि बोलावलेल्या तारखेला जा.

खाटेवर पडून पडून पाठीला जखमा होऊन बाईजा वारली. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेचा तिसरा दिवस होता, दुपारची वेळ.