हद्दीचा दगड

कर्नाटकात दर्यावर चाललात म्हन्ता? फळी घेऊन? मग टेका जरा. च्या येऊ द्या. आमच्या सत्यमची गोष्ट सांगतो, मग खुशाल जा.

सत्यम माझा पुतन्या. आमी रेणापूरकडचे. पोरगं विहिरीत पोहाया शिकलं अन् दर्यावर जाऊन लाटंवर फळी चालवाया लागलं. तिथंच राहिलं, लोकांना शिकवू लागलं. मी अन् त्याची माय, आमची केवळा वैनी, एकदा बघाया गेलो.

"काका, लाट वाऱ्यानं येती, पन उभी राहती खालच्या वाळूनं. पान्यात वाळूचा बांध असतो. सारखा सरकून राहिलाय."

"आपल्याकडं बी सरकतो की. भावकी सरकवती."

लई हसला गडी. वैनी म्हनली, "हसू नको मेल्या, आधी डोस्कं पूस."

पुढं तिथल्या शेजारच्या गावानं दर्यापासून घरं वाचवाया दगडाची भिंत घातली. सत्यमच्या काठाची वाळू वाहून गेली. लांब मोडनारी लाट आता काठाशी येऊन दानकन आपटायची. एका सकाळी सत्यम आत गेला. फळी भाईर आली. पोरगं न्हाई आलं. लई शोधलं, हाती काय लागलं न्हाई.

मातीच न्हाई, तर निवद ठेवायचा कुठं? वैनीनं हद्दीचा दगड उपटला. तिच्या अन् माझ्या रानामधल्या बांधाचा. जुन्या लुगड्यात गुंडाळून यष्टीनं नेला. पोरगं जिथून पान्यात उतरलं तिथं निम्मा पुरला, चुना लावला.

"आता जागा हलत न्हाई," म्हनली.

आपन काळ्या रानाची मानसं. जमीन चालती हे आपल्याला कोन सांगावं?

दुसऱ्या साली गेलो. दगड न्हाई, वाळू न्हाई. नारळीची मुळं उघडी पडलेली, अन् त्याच्यावर लाट आपटून राहिलेली. वैनी निवदाचं ताट घेऊन वर-खाली फिरली. तिथला च्यावाला चंद्रप्पा, सत्यमचा दोस्त, त्यालाच दया आली. "अम्मा, वाळू तिकडं खाली गेली. कधी परत बी येती."

'परत बी येती', तेवढंच तिनं धरलं. ताट काय खाली ठेवलं न्हाई. निवद तसाच रेणापूरला आला.

आता तिचे गुडघे गेले. कोनी दर्यावर चाललं की इचारती, "दगड वर आला का, बघता का वो?" हिकडं बांधावर दगडाचा खड्डा तसाच हाय. मी बुजवला न्हाई. नांगर वळसा घालून नेतो.

तर तुमी जा, खेळा, पन खालची वाळू बघून उतरा. दगड धुंडू नका, तो काय घावत न्हाई. येताना मातर आमच्या घरावरून या. वैनी दारातच बसलेली असती. तिला म्हना, दगड दिसला. चुना बी हाय अजून, म्हना.