रावसाहेबांचं पान

दोन हजार तेरा सालची गोष्ट. निकिता वाघमारे बिबवेवाडीतल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायला नुकतीच लागली होती. कंपनी ग्रंथालयांच्या साइट बनवायची. रंग, अक्षरांचा आकार, अंतरं, सगळं एका मूळ फाइलमधून यायचं. ती फाइल निकिताचा सीनियर अभिनव याने लिहिली होती.

नारायण पेठेतल्या एका ग्रंथालयाचे चिटणीस रावसाहेब साइट बघायला आले. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. पडद्याला नाक टेकवून ते म्हणाले, "सुंदर आहे, असं ऐकतो. आमचे निम्मे वाचक माझ्यासारखेच. त्यांनाही ऐकूनच घ्यावं लागेल."

निकिताला वाईट वाटलं. तिने त्यांना चहा दिला, थांबायला सांगितलं आणि ग्रंथालयाच्या साइटमध्ये मूळ फाइल जोडणाऱ्या ओळीखाली तीन ओळी लिहिल्या: मागे काळा रंग, अक्षरं पिवळी, आकार दुप्पट. साइट ढिम्म हलली नाही.

"सगळ्या पानांवर एकेक जागा शोधून बदलू का?" तिने अभिनवला विचारलं.

"नको. तुझ्या ओळी त्या जोडणाऱ्या ओळीच्या वर ने. मी ठरवलेल्या प्रत्येक रंगापुढे, आकारापुढे 'डिफॉल्ट' लिहिलंय बघ. म्हणजे आधी कुणी काही ठरवलं असेल तर तेच चालेल, नसेल तरच माझं. तू माझ्यानंतर बोलतेस. तोवर सगळा हिशेब होऊन जातो."

तिने ओळी वर नेल्या आणि पान पुन्हा उघडलं. पडदा काळा झाला, त्यावर पिवळी अक्षरं उमटली. ज्यांना तिने हातही लावला नव्हता ती बटणं, चौकटी, ओळींमधली अंतरं, सगळी त्या आकाराला जुळवून घेत मोठी झाली होती. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तेच. तिच्या अंगावर काटा आला.

रावसाहेबांनी खुर्ची पडद्यापासून मागे घेतली. मग सावकाश वाचलं, "ग्रंथालय शनिवारी बंद." थांबून म्हणाले, "चूक आहे. आम्ही सोमवारी बंद असतो."

निकिताला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"माझ्यासारखा कुणी येणार, हे तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी अभिनवला विचारलं.

"नाही. पण माझ्यापेक्षा वेगळं काहीतरी कुणाला तरी लागणारच, एवढं माहीत होतं."

रावसाहेबांनी मान हलवली. माउस चाचपून हातात घेतला आणि नव्या पुस्तकांचं पान स्वतःच उघडलं. निकिता श्वास रोखून बघत राहिली. एकेक नाव मोठ्याने वाचत ते खाली खाली जात होते.