उम्माची सही

कपाटाची किल्ली खटकन फिरली आणि सकाळपासून मुकं पडलेलं घर दचकलं. माझ्या मांडीवरच्या बाळीनं दूध सोडून तिकडे मान वळवली. मला वाटलं, उम्मा साडी काढतेय. म्हणजे येणार ती.

आज माझ्या आईवडिलांचं, उम्मा-उप्पांचं, पुन्हा लग्न होतं, तालुक्याच्या निबंधक कचेरीत. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. शरियतच्या वाटणीत उप्पांच्या मागे या घराचा एक हिस्सा त्यांच्या भावाकडे जातो. सरकारी कायद्यानं पुन्हा लग्न लावलं, की सगळं उम्माचं नि आमचं. बक्षीसपत्राला उप्पा तयार नाहीत. जिवंतपणी स्वतःच्याच घरात पाहुणा व्हायचं नाही त्यांना. माझा नवरा दुबईला गेला तो तिकडचाच झाला. मला आणि माझ्या दोन मुलींना हेच एक छप्पर.

नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर होती, वाचली मात्र सगळ्या मोहल्ल्यानं. काल संध्याकाळी इळेप्पा, म्हणजे उप्पांचे धाकटे भाऊ, आले. मला सायकल शिकवली ती त्यांनीच.

"काय इक्का, नवरदेव होतोयस म्हणे! भावाला बिर्याणीचं आमंत्रणसुद्धा नाही?"

उप्पा हसले. इळेप्पाही हसले, मग वहिनीकडे, उम्माकडे वळले.

"इत्ता, मला या घरातली वीटही नको. पण माझ्या पोरांची तोंडं मी कशी शिवू? आणि उद्या इक्काच्या जनाज्याला मशिदीनं पाठ फिरवली तर? तू नि तुझ्या पोरी खांदा देणार?"

आता कपाट लावून उम्मा बाहेर आली.

अंगावर साडी नव्हती, नमाजाचे पांढरे कपडे होते.

"हे काय? रिक्षा येईल आता," उप्पा म्हणाले. "नवरीनं नटायचं तरी थोडं."

"तुम्ही जा."

"एकट्याच्या सहीनं होत नाही गं ते."

"ठाऊक आहे. म्हणून तर घरी थांबतेय."

"उम्मा," मी म्हटलं, "माझ्यासाठी तरी."

"तुझ्यासाठी काय केलं नाही, जसी? पण वर गेल्यावर मला विचारलं, निकाह कमी पडला होता का तुला, तर? तू येणार आहेस का तिथं उत्तर द्यायला?"

तिनं बाळीला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटू लागली. याच हातानं माझी दोन्ही बाळंतपणं काढली. त्याचं मनगट धरून मी कागदावर कशी ओढू? आणि नाही ओढलं, तर उद्या या पोरींना घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?

रिक्षा येऊन भोंगा वाजवत राहिली. उप्पांनी ओट्यावरूनच हात हलवून ती परत पाठवली आणि ते चपला काढून भिंतीला टेकून बसले.

माझी थोरली, निहला, इतका वेळ दारामागे उभी होती. ती येऊन माझ्या कुशीत शिरली आणि तिनं माझ्या कानाशी तोंड नेलं.

"उम्मा, इळेप्पा तर चांगले आहेत ना?"

"हो गं, चांगलेच आहेत."

"मग आपण त्यांना घाबरतो का?"