पूजेत मांडलेली चावी

खंडेनवमीच्या सकाळी बीदरला भीमसेनरावांच्या घरी पूजेची मांडणी चालली होती. पाटावर विळी, पान्हा, मिक्सर, मुलाचा लॅपटॉप आणि त्यातच सुनेचा, विभाचा, तळहाताएवढा संगणक.

विभा घरी बसून परदेशी कंपन्यांची कामं करायची. तिची कमाई बिटकॉइनमध्ये जमा व्हायची आणि हा स्वस्तातला संगणक त्या कमाईची चावी सांभाळायचा. तो इंटरनेटला कधीच जोडायचा नाही, म्हणजे बाहेरच्या चोराचा हात तिथे पोचत नाही. कडगंचीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या तिच्या बिनबापाच्या बहिणीचं, जयंतीचं, सगळं शिक्षण त्यावरच अवलंबून होतं.

पण घरातल्यांचं काय? लग्न झाल्यापासून एकच पालुपद, घरात कुलूप कसलं! तिच्या कपाटाला कडी होती, कुलूप नव्हतं. या संगणकाचा पासवर्डही नवऱ्याने, श्रीहरीने, असाच मागून घेतला होता. "नवऱ्यापासून काय लपवायलीस?" एवढं विचारलं की आपल्याकडे बाईचं तोंड बंद होतं!

विभा आत पुरण वाटत होती. बाहेर भीमसेनराव म्हणाले, "श्रीहरी, चालू कर ते. बंद यंत्राला कामून हळद-कुंकू वाहायचं?"

श्रीहरीने पासवर्ड टाकला. काहीतरी दिसावं म्हणून बटणं दाबत राहिला. इवल्याशा पडद्यावर इंग्रजी शब्दांची रांग आली. भीमसेनरावांनी झेंडू वाहिला, फोटो काढला आणि 'आमच्या सूनबाईचं आयुध' म्हणून भावकीच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

जेवायच्या वेळी विभाने तो फोटो पाहिला आणि ती ओरडलीच. "अप्पा, हे शब्द म्हंजेच चावी हाय! ज्याच्याकडं शब्द, त्याचे पैसे!"

"अगं, सगळी आपलीच माणसं हायत की," भीमसेनराव म्हणाले.

पैसे दुसरीकडे हलवायला तिने घाईघाईने खातं उघडलं. खातं रिकामं होतं.

ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतच होती. भीमसेनराव एकेक नाव पाहू लागले. चुलत भाऊ, भाचे, व्याही. "यातला कोण असंल गं?"

"मला काय विचारता?" विभा संतापून म्हणाली. "साऱ्या जगाला मी कुलूप घातलं. घरात तेवढं तुम्ही घालू दिलं न्हाई! माझी चावी माझ्याजवळ ऱ्हायली असती तर कुणाचा मान कमी झाला असता? आता जयंतीला काय सांगू?"

श्रीहरी मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं."

पोलिसांत तक्रार दिली, पण चोर सापडला नाही. जयंतीची फी भीमसेनरावांनी आपल्या पेन्शनीतून भरली. मग सुताराला बोलावून विभाच्या कपाटाला कुलूप बसवलं आणि कुलपाबरोबर आलेल्या दोन्ही चाव्या तिच्या हातावर ठेवल्या.

पुढच्या खंडेनवमीला तो संगणक पाटावर बंदच होता. "चालू करू का, काका?" एका पुतण्याने विचारलं.

"हात लावू नको. तिचं हाय ते," भीमसेनराव गरजले.

वाचकहो, सुनेची कमाई आपण कौतुकाने मिरवतो आणि तिची चावी मात्र हक्काने मागतो. हे प्रेम नव्हे, ही सरळ दांडगाई आहे! आपल्या घरातल्या बाईच्या कपाटाला कुलूप आहे का, हे आज उठून बघा. असेल, तर त्याची दुसरी चावी कुणाच्या खिशात आहे, तेही बघा.