कुणी न ऐकलेली शिट्टी

गेलन ओस्त्रांडरला शिट्टी तोंडात धरून ठेवायची सवय होती, आणि ही सवय एकतीस वर्षांची होती. शाळांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने सांभाळणाऱ्या डुवेन पेल्स्टरच्या चमूतले बाकीचे तिघे पंच कधीच शिट्टी बोटात अडकवायला लागले होते. बोटातली शिट्टी ओठांपर्यंत न्यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात डोळ्यांना चेंडू शोधता येतो, असं डुवेनचं म्हणणं. तो शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे एकच गोष्ट शंभरदा सांगायला त्याला काही वाटत नसे.

"चेंडू दिसल्याशिवाय शिट्टी नाही," त्या दुपारी गाडीतही तो म्हणाला. "पोराचा गुडघा टेकलेला दिसला, पाठ टेकलेली दिसली, पोरगा घोरताना दिसला, तरी नाही. आधी चेंडू!"

"आजोबांना सांग," मागच्या सीटवरून कर्ट म्हणाला. कर्ट चौतीस वर्षांचा, चौघांत सगळ्यात लहान. "ते झोपतानासुद्धा शिट्टी तोंडात ठेवत असतील."

"ठेवतो की," गेलन म्हणाला. "आवाजाची तक्रार करणारं घरात उरलंय कोण?"

सगळे हसले आणि मग एकदम हसायचे थांबले. गेलनची बायको लव्हॉन जाऊन तीन वर्षं झाली होती. लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गेलन असले विनोद करायचा, आणि दर वेळी लोक जास्तच अवघडायचे. चौथा पंच वेंडेल मुळातच कमी बोलायचा. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कापणी झालेली मक्याची शेतं होती आणि पुढचे चाळीस मैल तीच असणार होती.

खरं सांगायचं तर गेलन या गाडीसाठीच जगत होता. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा तीन माणसं त्याच्याबरोबर जाताना दोन तास आणि येताना दोन तास बसायची. सामना झाला की वाटेतल्या एका खानावळीत चौघे वाटीभर गरम चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, खायचे आणि त्यात दालचिनीचा गोड रोल बुडवायचे. नेब्रास्काबाहेरची माणसं याला नाकं मुरडतात, त्यांना मुरडू दे. आठवड्यातलं तेवढं एकच जेवण गेलन ओट्याशी उभा न राहता जेवायचा. उरलेले सहा दिवस तो टीव्हीशी बोलायचा आणि टीव्ही त्याला विमा घ्यायला सांगायचा.

या वर्षी मात्र वेगळंच घाटत होतं. डुवेनच्या चमूला बाद फेरीचे सामने मिळाले होते. हा सामना नीट पार पडला की आणखी तीन आठवडे मिळणार होते आणि शेवटी राज्याचा अंतिम सामना. अठरा वर्षांत त्यांना तो एकदाही मिळाला नव्हता. "एक चुकीची शिट्टी गेली की विसरायचं," डुवेनने बजावलं होतं. गेलनला अंतिम सामन्याचं फारसं अप्रूप नव्हतं. आणखी तीन वेळा ही गाडी दारात येऊन उभी राहील, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याचे गुडघे पुढच्या हंगामाला साथ देणार नव्हते, हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सामना हार्लन क्रीक आणि सेंट वेन्सेल या दोन लहान गावांच्या शाळांचा. गावंच एवढी लहान, की एका बाजूला अकराऐवजी आठच पोरं खेळतात. उत्तरेचा वारा असा सुटला होता, की उभं राहायलाही जोर लावावा लागत होता. चार मिनिटं उरली असताना हार्लन क्रीक चार गुणांनी पुढे होतं, आणि चेंडूही त्यांच्याकडेच होता. त्यांचा पोरगा चेंडू छातीशी धरून मधल्या गर्दीत घुसला आणि त्याच्या अंगावर पाचसहा जण कोसळले. बाजूच्या रेषेवरून गेलनला त्याचा गुडघा टेकलेला दिसला, आणि चेंडूवाल्याचा गुडघा टेकला की खेळ तिथेच थांबवायचा असतो. त्याने शिट्टी फुंकली.

फुंकता फुंकताच त्याला चेंडू दिसला. तो त्या ढिगात नव्हताच. गुडघा टेकायच्या आधीच हातून सुटून तो मागे गवतात घरंगळत होता. सेंट वेन्सेलच्या टोबियस हावेल्काने तो उचलला आणि पन्नास यार्ड असा पळाला, की त्याला हात लावायलाही कुणी पोचलं नाही. सेंट वेन्सेलच्या लोकांनी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवून मैदान डोक्यावर घेतलं. डुवेनने दोन्ही हात वर केले. टचडाऊन: चेंडू शेवटच्या रेषेपार, सहा गुण.

शिट्टी वाऱ्याने नेली होती.

नियमात शंकेला जागा नाही. शिट्टी वाजली की खेळ तिथेच संपला, मग ती चुकून का वाजली असेना. त्यानंतर मोकळा चेंडू कुणी का उचलेना, तो ज्या संघाच्या हातून सुटला त्यालाच परत मिळतो. म्हणजे हावेल्काने हक्काने मिळवलेला चेंडू त्याच्याकडून काढून घ्यायचा, तोही गेलनच्या एका फुंकरीपायी. आणि गेलन गप्प बसला तर ज्याचं त्याला मिळणार होतं. पोराला टचडाऊन, डुवेनला अंतिम सामना, गेलनला तीन आठवडे. कुणाचंही वाईट होत नव्हतं. खोटं कशाला बोला, दहाबारा पावलं तो हाच हिशेब करत चालला होता. मग तो पळत डुवेनकडे गेला.

"डुवेन, मी वाजवली."

"काय वाजवली?"

"शिट्टी. चेंडू मोकळा होता तेव्हा."

डुवेन कर्टकडे वळला. "मी नाही ऐकली. कर्ट, तू ऐकलीस?"

"छे! आजोबा, वारा बघा किती आहे. कुणीसुद्धा ऐकलेली नाही."

"पण मी वाजवली ना."

"गेलन," डुवेन आवाज खाली आणून म्हणाला, "नीट आठव."

आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडणारा मास्तर त्याला उत्तर सुचवत होता. गेलनला त्याची दया आली आणि स्वतःचीही आली.

"आठवतंय," तो म्हणाला.

डुवेन दोन्ही प्रशिक्षकांकडे गेला. घंटा थांबल्या, शिव्या सुरू झाल्या. चेंडू हार्लन क्रीकला परत मिळाला, त्यांनी उरलेली मिनिटं काढली आणि सामना जिंकला.

फाटकापाशी सेंट वेन्सेलच्या प्रशिक्षकाने गेलनला गाठलं. ज्यूल्स कोटर्बा, जाडजूड, साठीचा, आवाज बसलेला.

"बावीस वर्षं शिव्या देतोय मी तुम्हाला," तो म्हणाला. "आज एकही सुचत नाहीये. तुम्ही गप्प बसला असतात तर आम्ही जिंकलो असतो, आणि मला कधी कळलंही नसतं."

"हो."

"आत पोरं रडतायत. त्यांना काय सांगू? की माणूस खरं बोलला म्हणून आपण हरलो? माझ्या तोंडून नाही निघायचं ते. तुम्हीच या आणि सांगा."

पंचाने कुठल्याही संघाच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं. गेलनने एकतीस वर्षांत टाकलं नव्हतं. त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. डुवेनच्या गाडीचं इंजिन चालू होतं, तिघे आत बसले होते, आणि तिघेही समोर बघत होते. तो कोटर्बाच्या मागून आत गेला.

चौदा पोरं होती. आत घामाचा आणि ओल्या मोज्यांचा वास भरला होता. गेलनने टोपी काढली.

"शिट्टी माझी होती," तो म्हणाला. "चेंडू मोकळा होता आणि मी घाई केली. तुमचं काहीच चुकलं नाही."

हावेल्का कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. त्याच्या गालावर चिखल सुकला होता.

"कुणी ऐकली होती का ती?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावर याचं छान उत्तर आहे. नव्या पंचांना गेलन ते तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आता त्यातला एक शब्द आठवेना.

"तू आता घरी जाशील," तो म्हणाला. "तुझी आई असेल, बाबा असतील. सगळे मिळून मला शिव्या घालाल, जरा बरं वाटेल. माझ्या घरी मी एकटाच असतो. गप्प बसलो असतो, तर त्या घरात ती गोष्ट आणि मी असे दोघंच राहिलो असतो. मला नसतं झेपलं ते."

कोटर्बा जमिनीकडे बघत होता.

"ते टचडाऊन माझं होतं," हावेल्का म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

"तुझंच होतं. मी घालवलं."

बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"तुमची माणसं बोलावतायत, सर," पोरगा नाक पुसत म्हणाला.

"हो," गेलन म्हणाला आणि त्याने टोपी घातली. तीन वर्षांत त्याच्यासाठी कुणी असं खोळंबलं नव्हतं, आणि आज बाहेर जाऊन त्या गाडीत बसायचा त्याला धीर होत नव्हता.